दीडशे फूट लांब, सहा फूट रुंद

सरकारी कचेरीत कामं का अडतात याची शंभर कारणं तुम्हीआम्ही सांगू शकतो. कुणी म्हणेल लाच, कुणी म्हणेल आळस, कुणी म्हणेल साहेब जागेवर नसतात. पण एक कारण आपल्या तोंडी कधी येत नाही. ते म्हणजे प्रामाणिक माणूस! हसू नका. ही गोष्ट अशाच एका प्रामाणिक माणसाची आहे.

तो तपासनीस होता. खेड्यापाड्यातल्या गरिबांना स्वतःचा धंदा उभा करता यावा म्हणून सरकार मदत देतं. त्यासाठी आलेले अर्ज तपासायचे, जागेवर जाऊन पाहायचं आणि 'योग्य' किंवा 'अयोग्य' असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नव्हता. मात्र एखादा अर्ज पहिल्या झटक्यात खरा मानला, असंही सहसा होत नसे. कचेरीत त्याला सगळे 'भिंगसाहेब' म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे.

सुरुवातीला तो असा नव्हता. नोकरी नवी असताना एका गावात त्याने शेळीपालनाचे पाच प्रकल्प तपासले होते. पाच घरं, प्रत्येक घरी चार शेळ्या. त्याने खूश होऊन पाचही घरांना 'योग्य' दिलं. पुढे कळलं, की त्या गावात शेळ्या होत्या एकूण चारच. साहेब एका घरी बसून नोंद करत असताना त्या मागच्या दाराने पुढच्या घरी जात होत्या. वरून ठपका आला, बढती लांबली, आणि लोक हसले ते वेगळंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचा तपासनीस तर त्या दिवसापासून पाणीही फुंकून पिऊ लागला. घरी भाजी आली तरी तो जुडी सोडून आतल्या काड्या बघत बसे.

"अहो, पालकाची जुडी आहे ती," बायको म्हणे. "फाइल नव्हे!"

तर एका सोमवारी अशा या माणसाच्या टेबलावर दोर वळणाऱ्या बारा बायकांच्या गटाची फाइल आली. घायपाताच्या पानांपासून वाख, म्हणजे चिवट तंतू, काढायचा, त्या वाखाचे दोर वळायचे आणि विकायचे, असा त्यांचा धंदा. मागणी एकच होती, कामासाठी छप्पर असलेली शेड. तपासनिसाने शेडचा नकाशा उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

लांबी दीडशे फूट. रुंदी सहा फूट.

"ही शेड आहे की बोगदा?" तो म्हणाला.

समोरच्या टेबलावरच्या कारकूनबाई मान वर न करता म्हणाल्या, "आगगाडी ठेवायची असेल, साहेब."

तपासनीस हसला नाही. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. सरकारने प्रत्येक धंद्यासाठी आदर्श शेड ठरवून दिली आहे, तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. शिंपी असो, सुतार असो, त्यात मावतो. मग यांनाच हे लांबलचक शेपूट कशाला? त्याने जागेचा नकाशा पाहिला. रस्त्याकडेची एक अरुंद पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकाला एक गोदाम. गोदाम गावच्या पुढाऱ्याचं!

"आलं लक्षात," तपासनीस म्हणाला. "शेड बायकांच्या नावाने, आणि वापरणार पुढारी. गोदामापर्यंत मालाच्या गाड्या छपराखालून न्यायची सोय. इथे पाणी मुरतंय, बाई."

मग त्याने बायकांचे अर्ज एकेक करून वाचले. बाराही अर्ज एकाच हस्ताक्षरात. 'व्यवसाय सध्या कसा चालतो?' असा छापील प्रश्न होता. त्याच्यापुढे पहिलीने लिहिलं होतं, 'मागे मागे.' दुसरीनेही लिहिलं होतं, 'मागे मागे.' बाराही जणींचं उत्तर तेच.

"म्हणजे धंदा मागे चाललाय, हे स्वतःच कबूल करतायत!" तो म्हणाला. "आणि तेही पढवल्यासारखं. बुडीत धंद्याला शेड हवी कशाला?"

"पढवणारा शहाणा असता, तर 'पुढे पुढे' लिहायला नसतं का सांगितलं?" कारकूनबाई म्हणाल्या.

खरं तर या प्रश्नावर त्याने थांबायला हवं होतं. पण ज्याला शंकाच काढायची असते त्याला सुतावरून स्वर्ग गाठता येतो; इथे तर अख्खा दोर हाती लागला होता. त्याने पेन्सिलीने फाइलवर 'संशयास्पद' लिहिलं. शुक्रवारी मंजुरी समितीची बैठक होती. त्या बैठकीत जे राहिलं ते वर्षभरासाठी राहिलं. नियमाप्रमाणे जागा पाहणं भाग होतं, म्हणून तो बुधवारी निघाला. गावाला कळवलं नाही. कळवलं की शेळ्या चालू लागतात, हा त्याचा अनुभव होता.

गाव यायच्या आधीच त्याने मोटारसायकल एका झाडाखाली लावली आणि तो पायी निघाला. पुढाऱ्याचं गोदाम लांबूनच दिसत होतं. शटरला भलंमोठं कुलूप. तपासनीस रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि डोळे बारीक करून त्या कुलपाकडे बघू लागला. आत काय असेल, कुणाचं असेल, किल्ली कुणाकडे असेल! तो या विचारात असतानाच कुणीतरी मागून येऊन त्याच्यावर जोरात आदळलं.

"अगं बाई! कोण मेलं मध्येच कडमडलं?"

साठीच्या पुढची एक बाई होती. कमरेला वाखाचा मोठा पुंजका बांधलेला, हातात ओलं सूत. ते सूत तिच्या बोटांतून निघून सरळ रस्त्यावरून दूरवर गेलं होतं. तिकडच्या टोकाला एक तरुण बाई बसून लाकडी चाक फिरवत होती. बाजूला आणखी पाचसहा बायका तशाच रांगेत, कमरेला वाख बांधून, पाठमोऱ्या त्याच्या दिशेने येत होत्या. उलट्या पावलांनी!

"तुम्हाला मागचं दिसत नाही का?" तपासनीस चिडून म्हणाला.

"मागचं कुणाला दिसतं, बाबा?" म्हातारी म्हणाली. "पुढचं दिसणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं."

तेवढ्यात चाकावरची तरुण बाई ओरडली, "गाडी!"

सगळ्या बायकांनी हातातली सुतं पटकन जमिनीला टेकवली आणि त्या रस्त्याच्या कडेला पळाल्या. खडी भरलेला ट्रक धुरळा उडवत आला आणि सगळ्या सुतांवरून निघून गेला. धुरळा बसल्यावर दिसलं, की दोन सुतं तुटली होती आणि बाकीची मातीने माखली होती. म्हातारीने तुटलेलं टोक उचललं, झटकलं आणि ती पुन्हा चाकाकडे निघाली. ती सकाळ तिथेच फुकट गेली होती.

तपासनीस तिच्यामागे गेला. आपण कोण हे त्याने सांगितलं, तशी बायकांची कुजबुज थांबली. गावातले सगळे त्या म्हातारीला मावशी म्हणत. तिने त्याला बसायला उलटी टोपली दिली. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने वही काढली.

"बारा अर्ज एका हाताचे कसे?"

"आमच्यात लिहिता येतं एकीला," मावशीने चाकावरच्या बाईकडे बोट केलं. "ही माझी सून. तिनेच लिहिले सगळे."

"आणि उत्तरही सगळ्यांचं एकच?"

"धंदा एकच आहे ना, साहेब?"

"धंदा मागे मागे चालतो, असं लिहिलंय. म्हणजे तोट्यात चालतो?"

मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि ती इतकी हसली की तिला खोकला लागला. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"अहो साहेब, तुम्ही विचारलंत कसा चालतो. आत्ता बघितलंत ना कसा चालतो? जग पुढे चालतं, आम्ही मागे मागे चालतो! सूत सोडत सोडत मागे जायचं. पुढे चालून कुणी दोर वळलाय का आजवर?"

तपासनिसाचे कान तापले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने वहीतलं पान उलटलं.

"ते राहू द्या. शेड दीडशे फूट कशाला? सरकारची तीस फुटांची आहे. ती का नको?"

मावशीने स्वतःच्या कमरेचा पुंजका सोडला आणि त्याच्या कमरेला बांधला. तो "अहो, अहो" म्हणेपर्यंत गाठ बसलीसुद्धा. वाखाचं टोक तिने चाकाच्या आकड्याला अडकवलं.

"फिरव गं," ती सुनेला म्हणाली. "आणि तुम्ही चाला, साहेब. मागे बघायचं नाही. बोटातून सोडत जा."

कचेरीचा तपासनीस भर रस्त्यात उलट्या पावलांनी चालू लागला. सूत कधी जाड होई, कधी बारीक. सुताकडे बघावं तर पाय अडखळत, पायांकडे लक्ष द्यावं तर सूत तुटायला येई. आणि पाठ! पाठीमागे काय आहे हे कळत नाही, तेव्हा माणसाच्या पाठीला कसं वाटतं, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दूर कुठेतरी हॉर्न वाजला आणि तो दचकून रस्त्याबाहेर उडाला. गाडी दुसऱ्याच रस्त्याला होती. कुणी हसलं नाही.

"बारा पावलं झाली," मावशी म्हणाली. "तीस फूट संपले. तुमची शेड इथे संपली. आता अशी तीन सुतं घेऊन एकत्र पीळ घातला, की पिळात लांबी जाते. हातात दोर राहतो वीस फुटांचा. त्याला काय बांधू? शेळी?"

तपासनिसाला नेमका शेळीचा विषय नको होता.

"नावाड्याला लागतो शंभर फूट, अखंड," मावशी सांगत होती. "विहिरीवाल्यालाही तेवढाच. गाठ मारलेला दोर कप्पीत अडकतो, कुणी घेत नाही. शंभर फुटांचा दोर हवा तर दीडशे फूट मागे जायला लागतं. आणि रुंदीचं म्हणाल, तर आम्हाला तिथे नाचायचं नाही."

"मग रानात का नाही वळत?"

"रान कुणाचं? आमचं नाही. शेडची पट्टी अजून खाचखळग्यांची आहे. सरळ सपाट असा हा रस्ताच तेवढा आमच्या वाट्याला आलाय. पाऊस आला की तोही नाही."

मग तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने चाकाशेजारची काठी उचलली आणि ती उभी राहिली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा जुळलेला होता. गेल्या वर्षी ती मागे मागे जात होती, आणि त्या दिवशी 'गाडी' म्हणून ओरडणारी बाई तापाने घरी होती. एवढंच घडलं होतं. तेव्हापासून सून चाकावर बसते आणि ओरडायचं कामही तीच करते.

तपासनिसाला त्या पायाकडे बघवेना. तरीही त्याच्या तोंडून शेवटचा प्रश्न निघालाच. सवय वाईट असते.

"शेडच्या टोकाला पुढाऱ्याचं गोदाम आहे. खरं सांगा, शेड त्याच्यासाठीच ना?"

आता मात्र मावशी हसली नाही.

"ती पट्टी त्यालाच हवी होती, साहेब. गाड्या वळवायला. म्हणाला, शेड माझ्या नावाने करा, मंजुरी मी आठ दिवसांत आणतो. आम्ही नाही म्हटलं. गावच्या सभेत बारा जणी उभ्या राहिलो तेव्हा कुठे पट्टी आमच्या नावावर लागली. म्हणून तर अर्ज घेऊन आम्हीच कचेरीत आलो. आणि तुम्ही त्याचं नाव आम्हाला चिकटवता? ते गोदाम कुणी मंजूर केलं, ते सांगा ना!"

तपासनीस गोदामाकडे वळला. जवळ गेला. शटरच्या वर एक रंग उडालेली पाटी होती, 'बेरोजगार तरुणांचा वेष्टण उद्योग'. फटीला डोळा लावला तर आत छतापर्यंत सिमेंटची पोती. ना कुणी तरुण, ना कसलं वेष्टण!

आणि मग त्याला आठवलं. ही फाइल त्याने पाहिली होती. टंकलिखित अर्ज, रंगीत फोटो, तीस बाय वीसचा आदर्श नकाशा, कुठे खाडाखोड नाही. त्या आठवड्यात कामाचा डोंगर होता, म्हणून कागद बघूनच त्याने शेरा मारला होता. 'योग्य.' उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या! ज्याच्या भिंगातून पालकाची काडी सुटत नव्हती, त्याच्या हातून अख्खं गोदाम सुटलं होतं.

मावशी मागे येऊन उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला काय ते कळलं.

"तुम्ही संशय घेता ते बरंच करता," ती हळूच म्हणाली. "चोर पुष्कळ आहेत. पण तुमचा संशय पाण्यासारखा आहे, साहेब. उताराकडेच वाहतो. वर चढत नाही."

घरी परतताना हे एक वाक्य त्याचा पिच्छा सोडेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्याने आजवर दुसऱ्यांसाठी कितीदा वापरली होती! आपण फाशी देणाऱ्यांत आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता काय करणार?" जेवण झाल्यावर तो बराच वेळ लिहीत बसला.

शुक्रवारी समितीपुढे दोरवाल्यांची फाइल आली. पेन्सिलीचं 'संशयास्पद' खोडून शाईने लिहिलं होतं, 'आदर्श नकाशातून सूट देऊन मंजुरीस योग्य.' मोठ्या साहेबांनी शेरा वाचला. मग चष्म्यावरून तपासनिसाकडे पाहिलं.

"तुम्ही? आणि सूट द्या म्हणता?" साहेब हसले. "काय हो, किती ठरलं?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तपासनीस उभा होता. आपण ज्या नजरेने आयुष्यभर लोकांकडे पाहिलं, ती नजर अंगावर आली की कसं वाटतं, ते त्याने उभ्या उभ्या अनुभवलं. वाटलं, गप्प बसावं. फाइल मागे घ्यावी आणि नावाला डाग लागू देऊ नये. पण डोळ्यांसमोर तो वाकडा पाय आला.

"संशय जरूर घ्या, साहेब," तो म्हणाला. "पण इथे बसून घेऊ नका. जागेवर चला. मी इथे बसून एकदा विश्वास ठेवला आणि एकदा संशय घेतला. दोन्ही वेळा चुकलो." आणि त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "त्याच गावातल्या गोदामाची फाइल पुन्हा उघडावी, असा माझा अर्ज आहे. तिथे सिमेंट भरलंय."

साहेबांनी कागद वाचला. त्यांचं हसू मावळलं.

"अहो, त्या फाइलवर सही तुमचीच आहे! हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"हो. माझीच आहे. म्हणूनच."

पैसे खाल्लेला माणूस स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेत नाही, एवढं त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मोठे साहेब मनाने काही वाईट नव्हते. त्यांनी दोरवाल्यांच्या फाइलवर सही केली. गोदामाच्या कागदावरही केली, थोडी थांबून.

पंधरा दिवसांनी मंजुरीचा हुकूम निघाला. त्याच दिवशी तपासनिसाच्या हाती आणखी एक कागद पडला. त्याची वेतनवाढ रोखली का जाऊ नये, याचा खुलासा मागणारा. तो त्याने खिशात घातला, आणि हुकूम घेऊन स्वतःच गावाला गेला. आनंदात गेला. या वेळी त्याने आधी कळवलंही होतं.

बाराही जणी जमल्या होत्या. त्याने हुकूम मावशीपुढे धरला. "इथे अंगठा करा, मावशी. झालं काम!"

मावशीने अंगठा पुढे केला नाही. तिने कागद घेतला, उलटापालटा केला आणि सुनेच्या हातात दिला.

"राग मानू नका, साहेब. तुमच्यावर भरवसा आहे. कागदावर नाही. ही वाचेल, मग अंगठा."

सून एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. गटाचं नाव, गावाचं नाव, जागेचा नंबर. मग ती थांबली. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबली.

"आई, यात लांबी पंधरा फूट लिहिलीय."

तपासनिसाने कागद हिसकून घेतला. खरंच! १५० च्या जागी १५. शून्य गळालं होतं. टाइप करणाऱ्याची चूक होती की कुणी मुद्दाम पुसलं होतं, देव जाणे. त्यावर मावशीचा अंगठा उमटला असता, तर ठेकेदाराने पंधरा फुटांवर खांब रोवले असते आणि वर म्हणाला असता, 'हुकमाप्रमाणे!' आणि या बायका जन्मभर त्याच रस्त्यावर, ट्रकपुढे. बारीकसारीक सगळं तपासणाऱ्या भिंगसाहेबाने हा एक कागद मात्र आनंदाच्या भरात न वाचताच आणला होता!

"शाब्बास, पोरी!" तो ओरडलाच. "शाब्बास! कुणाचंही ऐकू नका. मी आणला तरी वाचा. दोनदा वाचा!"

तो तसाच परत फिरला. कचेरी बंद व्हायच्या आत त्याने शून्य लावून घेतलं, शेजारी साहेबांची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम पुन्हा मावशीपुढे ठेवला. सुनेने तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. तपासनीस उलट्या टोपलीवर शांतपणे बसून राहिला.

त्याची वेतनवाढ पुढे रोखली गेलीच. गोदामाचं कुलूप मात्र सरकारने तोडलं. आणि शेड उभी राहिली, दीडशे फूट लांब आणि सहा फूट रुंद. जाणारेयेणारे आजही तिला हसतात. आत बायका मागे मागे चालत असतात, आणि 'गाडी' म्हणून ओरडायला कुणी लागत नाही.

मंडळी, संशय घेणं हे पाप नाही. सरकारी पैसा तुमचाआमचा आहे, त्यावर डोळा ठेवायलाच हवा. पण फाटक्या कपड्यातल्या माणसाला आपण चोर ठरवतो, आणि स्वच्छ टाइप केलेल्या कागदापुढे मान डोलावतो, तिथे आपलं चुकतं. शंका घ्यायची तर कागदाची घ्या, आणि माणसाला आधी प्रश्न विचारा. विचारा, आणि त्याचं काम बघायला त्याच्या दारापर्यंत चालत जा. तेवढे कष्ट त्या गोदामाच्या वेळीच घेतले असते, तर रस्त्यावरच्या या बायका तेव्हाच दिसल्या असत्या, आणि एका सुनेचा पाय आज धड असता.